पाहुण्याचं

गोळी झाडण्यापूर्वी घार जनावराच्या माथ्यावर दहा सेकंद तरंगते. तेवढ्या वेळात ती त्याच्या पाठीवरून उठणारी हवा ओढून घेते, हवेतले केस, कोंडा, श्वासातले न दिसणारे थेंब वेगळे करते आणि त्यांतली जनुकांची ओळ वाचून ठरवते, की खाली जे कोणी उभे आहे ते माळाचे आहे की माळावर घुसलेले. जनावराला यातले काही ठाऊक नसते. ते मान वर करून पाहते. बहुधा त्याला वाटत असावे, सावली आली.

हिवरवाडीच्या माळावर माघातल्या एका लख्ख सकाळी असेच एक जनावर मान वर करून उभे होते. वाळल्या गवताच्या रंगाचे, लांब पायांचे, बरगड्या मोजता याव्यात इतके सडसडीत. टेकाडावर बसलेल्या डॉ. रेवती कोकरेच्या टॅबवर आकडा उमटला : एक्क्याऐंशी. पाठोपाठ शब्द : संकर.

चाबूक ओढल्यासारखा एकच आवाज झाला. जनावर पडले नाही, ते बसले. मागचे पाय आधी गेले, मग पुढचे. मग त्याने स्वतःच्या कुशीकडे असे पाहिले, जणू तिथे कोणी हाक मारली होती. तोंडातून रक्ताचा फेस गवतावर आला, आणि कुसळांच्या टोकांवर क्षणभर लाल मणी हलत राहिले.

रेवतीने ती नोंद केली. दोन वर्षांतली एकेचाळिसावी. नमुना घ्यायची कुपी घेऊन ती उतरू लागली, तर तिच्याआधी तिचे वडील तिथे पोहोचले होते. धुळा कोकरे, बाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर याच माळावर मेंढरे चारलेले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्या देहावर पांघरली होती.

"ह्यो पाहुणा हुता," ते म्हणाले.

कोकऱ्यांच्या घरात माळावर असताना लांडग्याचे नाव घेत नसत. नाव घेतले की येतो, अशी समजूत. म्हणून तो पाहुणा. येणार, एक मेंढरू उचलणार, जाणार. त्याच्यामागे कुत्री सोडायची, चार शिव्या हासडायच्या, पण त्याच्या जिवावर उठायचे नाही.

"आप्पा, संकर होता. कुत्र्याचं रक्त मिसळलेला. नव्वद टक्क्यांच्या खाली गेला की—"

"टक्कं मला शिकवू नगंस. तेची चाल बघितलीस का? माघारल्या पायाचा ठसा म्होरल्या ठशात पडत हुता. कुत्रं असं चालतंय व्हय? कुत्रं चालतंय जत्रंला चालल्यागत, समदा रस्ता आपलाच म्हनून."

"यंत्र चाल नाही बघत. रक्त बघतं."

"आन् काजळीला काय म्हनतंय तुझं यंत्र? सांग की."

काजळी त्यांच्या पायाशी बसली होती. सात वर्षांची काळीकरडी कुत्री, छातीवर पांढरा टिळा, एक कान फाटलेला. तिच्याबद्दल यंत्र काय म्हणते ते रेवतीला ठाऊक होते : त्र्याण्णव टक्के, लांडगा, संरक्षित.

"ती सतत माळावर असते ना. लांडग्यांचे केस चिकटतात अंगाला. त्याला आम्ही प्रदूषित वाचन म्हणतो."

"आगं, सात वरसं मेंढरात लोळती ती!" आप्पा हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. "केसंच बघायची तर तिला मेंढरू म्हना की मग."

रेवतीने घोंगडीचा कोपरा उचलला, अजून कोमट असलेल्या मांसात सुई खुपसली, कुपी भरली. आप्पांनी तोंड फिरवले.

*

माळ म्हणजे पडीक जमीन, असे सरकारदप्तरी वर्षानुवर्षे लिहिलेले होते. ते खोडून काढण्यासाठी रेवतीने आपले तारुण्य खर्ची घातले होते. झाड नाही म्हणजे काही नाही, असे मानणाऱ्या जगाला तिने आकड्यांनी उत्तर दिले.

आकडा तसा सोपा होता. डोळे मिटून माळावरचे कोणतेही दोन जीव उचला. ते वेगवेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता किती? शंभर जातींचा माळ असूनही त्यावर एकाच जातीची झुंबड असेल, तर दोन्ही हातांत तीच जात येईल, आकडा पडेल. जाती कमी असल्या तरी सगळ्यांचा वावर जवळपास सारखा असेल, तर आकडा चढेल. म्हणजे नुसती गर्दी कामाची नाही. गर्दीत समता हवी. या शक्यतेला तिने आणि तिच्या चमूने नाव दिले होते, विविधतांक.

पूर्वी हे मोजायला माणसे चौकटी आखून गुडघ्यांवर बसत. आता माळभर खांब उभे होते, आणि लोक त्यांना 'नाकं' म्हणत. प्रत्येक जीव आपल्या अस्तित्वाची धूळ हवेत सोडत असतो : पिसाचा तंतू, खवल्याचा कण, परागाचा दाणा. नाके ती धूळ हुंगत आणि दर तासाला माळाची यादी लिहीत. चंडोल, धाविक, खोकड, घोरपड, पवना गवत, तरवड. प्रत्येकाला एक रकाना, रकान्यात संख्या.

पण नुसते मोजून भागत नव्हते. गावोगावची भटकी कुत्री माळावर शिरली होती आणि लांडग्यांत मिसळत होती. 'लांडगा गोळीने संपणार नाही. तो रक्तात विरघळून संपेल,' हे वाक्य रेवतीच्या प्रबंधाचे होते, आणि तेच पुढे 'समतोल' योजनेचे ब्रीद झाले. राज्यातल्या तेवीस माळांवर यंत्रांच्या घारी उडू लागल्या. जे रकान्यात बसते ते राखायचे. ज्याला रकाना नाही ते काढायचे. मालकी सांगत कोणी येऊ नये म्हणून एकाही जनावराला वैयक्तिक सूट ठेवायची नाही, हा नियमही तिनेच लिहिला होता. आणि घारींना सूचना देण्यासाठी आवाज हवा होता, तेव्हा तिनेच हौसेने आपला आवाज दिला होता : "कृपया प्राण्यापासून दूर व्हा."

लांडगा म्हणजे काय, हे यंत्राला शिकवण्यासाठी एक संपूर्ण नमुना लागत होता. बाकीचे सगळे तुकड्यांत होते, वाळलेल्या विष्ठेतून, झडलेल्या केसांतून मिळवलेले. ते तुकडे जुळवायला एक अखंड साचा हवा होता. तो रेवतीने विद्यार्थिनी असताना आपल्याच घरातून आणला होता. आप्पा ज्या कातड्यावर बसून लोकर कातत, त्याकडे बोट दाखवून तिने विचारले होते, "आप्पा, हे कुणाचं?"

चातीवरची नजर न काढता ते म्हणाले होते, "पाहुण्याचं."

तोच नमुना क्रमांक एक. मातृवंश तपासला, तो लांडग्याचा निघाला. छातीवरच्या पांढऱ्या टिळ्याला तिने प्रबंधात एक परिच्छेद दिला होता : 'दख्खनच्या माळावरील स्थानिक वैशिष्ट्य.'

योजना सुरू झाली तेव्हा हिवरवाडीच्या माळावर चोवीस लांडगे होते. आज रकान्यात आकडा होता सदुसष्ट. देशात असे कुठे घडले नव्हते.

*

चार दिवसांनी भर दुपारी फोन आला. शेजारच्या वाडीचा एक मेंढपाळ धापा टाकत बोलत होता. "ताई, आप्पांच्या मेंढरात शिरल्यात. लई हायती. तुमी या."

ती पोहोचली तेव्हा आवाज संपला होता, आणि तेच अधिक भयंकर होते. कोकरे कोंडायची वाघूर, ती सुतळीची जाळी, फाटून काट्यांत अडकली होती आणि तिच्यात अजून काही कोकरे लटकलेली होती. मेंढरे जिथल्या तिथे पडली होती. गळे फाडलेले, पण खाल्लेली नाहीत. एक मेंढी आतडी मागे ओढत पाण्याच्या हौदापर्यंत गेली होती आणि तोंड पाण्यात घालून मेली होती; हौदाचे पाणी गुलाबी झाले होते. पांढऱ्या लोकरीवर रक्त जितके लाल दिसते तितके कशावरच दिसत नाही. रेवतीच्या मनाने सवयीने मोजायला सुरुवात केली, आणि त्रेचाळीसवर तिने स्वतःला थांबवले.

आप्पा दगडाला टेकून बसले होते. उजवा हात फेट्यात गुंडाळलेला, आणि फेटा ठिबकत होता. त्यांच्या मांडीवर डोके ठेवून काजळी धापत होती. तिच्या जबड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी कातडीचा तुकडा होता, आणि ती तो सोडत नव्हती.

वर आभाळात चार घारी स्वस्थ फिरत होत्या.

"हुत्या की वर," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता. "समदा येळ हुत्या. मी कुराड उगारली, तर वरनं तू बोललीस."

"मी?"

"तुजाच आवाज. म्हनलीस, संरक्षित प्राण्याला इजा करू नका. मी वर बघितलं, आन् तेवढ्यात तेनं हात धरला."

तिने टॅबवर नोंदी काढल्या. चौदा जनावरे. शहाण्णव टक्के, सत्त्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. लांडगा, लांडगा, लांडगा.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांची तीन बोटे काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी काजळीची चौकशी केली, मग पाणी मागितले.

"पाहुणा एक नेतो," ते छताकडे पाहत म्हणाले. "भूक आसती तेला. हेनला भूक न्हवती. खेळ हुता हेंचा. हे पाहुण्याचं."

"म्हणजे पाहुण्याचंच काम ना, आप्पा? लांडग्याचं?"

"काम न्हवं गं. ते सोताच. ते पाहुण्याचं."

"मला कळलं नाही."

"शिकलीस मायंदाळ आन् एवढं कळंना?" त्यांनी मान वळवली. "आई पाहुणा आन् बाप आपला कुत्रा, आसं जे निपजतंय ते पाहुण्याचं. ना ह्येच्यात, ना तेच्यात. मग काय म्हनायचं तेला? माझा बाप पाहुण्याचं म्हनायचा, मी बी म्हनतो. कुत्र्यागत मानसाला भेत न्हाई, आन् पाहुण्यागत मानसाला टाळत न्हाई."

खिडकीबाहेर कोणीतरी हापसा मारत होते. त्याचा करकर आवाज खोलीत येत राहिला.

"आप्पा, ते घरातलं कातडं. तुम्ही बसायचात ते."

"तू न्हेलंस ते? ते बी पाहुण्याचंच. गावानं बिळापाशी पाहुणी मारली, आन् आत चार पिल्लं. चौघांच्या छातीला आपल्या खंड्याचा पांढरा टिळा. खंड्या कुत्रा लई भटक्या हुता. दोन मी उचलून आनली, दोन न्हाई हाताला लागली, पळाली. आनलेल्यातलं एक लौकर मेलं, तेचं ते कातडं. दुसऱ्याच्या वंशातली काजळी." ते थांबले. लेकीच्या चेहऱ्यावर काहीतरी विझताना त्यांना दिसले असावे. "तू इचारलंस, हे कुणाचं. मी म्हनलं, पाहुण्याचं. खोटं सांगितलं का मी?"

"नाही, आप्पा," ती म्हणाली. "खोटं नाही सांगितलं."

*

पडताळणीला एक रात्र पुरली. शंभर वर्षांपूर्वीच्या शिकारीतला, संग्रहालयाच्या खणात पडून राहिलेला एक लांडग्याचा दात तिने साचा म्हणून वापरला, आणि जुन्या कुप्या त्याच्याशी ताडून पाहिल्या.

नमुना क्रमांक एक : बावन्न टक्के.

टेकाडाखाली बसून मेलेले ते वाळल्या गवताच्या रंगाचे जनावर : नव्याण्णव पूर्णांक सहा.

मग तिने उरलेल्या चाळीस कुप्या एकेक करून तपासल्या. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात तारीख होती. नव्याण्णव. नव्याण्णव. नव्याण्णव. ज्याला राखायला ती निघाली होती, त्यालाच तिने एकेचाळीस वेळा मारले होते. आणि जे रकान्यात सदुसष्टपर्यंत वाढले होते ते हातातून निसटलेल्या दोन पिल्लांचे गणगोत होते. तिचे वाक्य खरे झाले होते. लांडगा विरघळत होता, आणि ढवळणारा हात तिचा होता.

योजनेचे संचालक डॉ. निरंजन सबनीस यांनी कागद दोनदा वाचले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"किती उरलेत? खरे?"

"तीन, सर. एक नर, दोन माद्या. एकीची पिल्लं बिळात आहेत. यंत्राच्या लेखी ते सगळे संकर आहेत. बिळावरची मोहीम आज तीन वाजता आहे."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दीड वाजत होता.

"घारी थांबवायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. फाईल मंत्रालयात जाईल, समिती बसेल. आठ दिवस तरी धर."

"साचा बदलायचा अधिकार मला आहे."

"रेवती." ते हळू आवाजात म्हणाले. "साचा बदललास की काय होईल, ठाऊक आहे ना? घारी थांबणार नाहीत, फक्त उलट फिरतील. सदुसष्ट जनावरं एका रेघेच्या या बाजूची त्या बाजूला जातील. अगं, कत्तल होईल माळावर! आणि समितीला न विचारता केलंस, तर त्याच क्षणी तुझं खातं बंद. परत काही दुरुस्त करायचं म्हटलंस, तरी हात पोहोचणार नाही."

"नाही केलं तर तीन वाजता शेवटची गोळी सुटेल, सर. मग दुरुस्त करायला उरेल काय?"

तिने बाहेर येऊन आप्पांना फोन लावला. ते हट्टाने घरी परतले होते; फोनमधून मेंढ्यांचा आवाज येत होता.

"आप्पा, साचा बदलला तर काजळी..."

"पाहुणं किती ऱ्हायलं?"

"तीन. आणि बिळात पिल्लं."

"मग इचारतीस कशाला?" त्यांनी घसा खाकरला. "मानूस जवळ आसलं तर घार गोळी घालत न्हाई, असं म्हनली हुतीस तू."

"वीस मीटरच्या आत माणूस असेल तर नाही."

"वीस मीटर म्हंजी माझी किती पावलं?"

"अठ्ठावीस, आप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

तीनला वीस मिनिटे असताना तिने जुना साचा पुसून त्या दाताचा साचा भरला. पडद्यावर रकाने एकदा थरथरले. लांडगा : सदुसष्टवरून तीन. मग लाल अक्षरांत तिचे स्वतःचे नाव आले, आणि त्यापुढे : प्रवेश रद्द. खात्याचा टॅब काढून घ्यायला उद्या कोणीतरी येईल, असे कारकुनाने सांगितले. कोणी आले नाही; काही बदलता येत नव्हते, पण नोंदी टॅबवर दिसत राहिल्या. माळाकडे यायला कोणी धजत नव्हते.

*

नऊ दिवस माळावर चाबूक वाजत राहिला.

रेवती हिवरवाडीला परतली होती. एका हाताने मेंढरे राखणे आप्पांना जमत नव्हते, म्हणून उरलेला कळप तीच वळत असे. काठी धरायची लहानपणीची सवय हाताने विसरलेली नव्हती. सकाळी निघावे तर हिवराखाली दोन, ओढ्यात एक, नाकाच्या खांबाला टेकून एक. ती जनावरे पळाली होती, लढली होती, आभाळाकडे उड्या मारून हवेत जबडे मिटवत राहिली होती. एक जखमी नर दिवसभर स्वतःभोवती गोल फिरत राहिला आणि त्याच्या रक्ताचे वर्तुळ मातीत उमटले. ज्यांनी आप्पांची बोटे नेली त्यांच्यासाठी आपल्याला रडू येईल, असे तिला वाटले नव्हते. आले. त्यांचा दोष इतकाच होता, की कोणी तरी त्यांना आधी जे नव्हते ते म्हटले आणि मग तेही परत घेतले.

दहाव्या दिवशी टॅबवर संकर या शब्दापुढे एक उरला.

काजळी आप्पांच्या कमरेला बांधलेली होती. लोकरीचा दोर त्यांनी स्वतः वळलेला. गाठ मात्र डाव्या हाताने मारलेली, कारण उजव्याला आता दोनच बोटे होती. ते बसत तिथे ती बसे. ते झाडाआड जात तेव्हाही ती सोबत असे.

"लगीन लागलं म्हातारपनी," आप्पा म्हणाले. "तुझी आय बघती आसंल वरनं. शिव्या घालत आसंल."

"आईला कुत्री आवडायची."

"व्हय. माझ्यापरास जास्त."

त्यांच्या माथ्यावर दिवसभर एक घार तरंगत असे. ती दर काही मिनिटांनी रेवतीच्या आवाजात म्हणे, "कृपया प्राण्यापासून दूर व्हा." आप्पा आधी दचकत. मग त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली : "न्हाई व्हत, बाय. तू जा घरला."

रेवती हे ऐके आणि मेंढरांकडे तोंड करून उभी राही.

बाराव्या दिवशी, ऊन कलायच्या सुमारास, पाहुणा आला.

प्रथम तो तिलाच दिसला. टेकाडाच्या उतारावर वाळल्या गवताचा एक तुकडा वाऱ्याच्या उलट हलत होता. मागचा पाय पुढच्या ठशात टाकत, कुठेही न बघितल्यासारखे करीत ती मादी आली. आचळे दुधाने ओथंबलेली. पाठोपाठ दुसरी घार आली, दहा सेकंद तिच्यावर तरंगली, हिरवा दिवा दाखवून वर गेली. नव्याण्णव. हे तिने वाचवले होते. आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर.

मादी कळपाच्या कडेला शिरली, एक कोकरू मानेला धरून उचलले आणि वळली.

काजळीने सात वर्षे याच क्षणासाठी राखण केली होती. ती नुसती धावली नाही, सुटली. दोर ताणला गेला, आप्पा कमरेतून कळवळून पुढे झुकले, आणि डाव्या हाताची गाठ उकलली.

"काजळे!"

कुत्री पाहुणीमागे उतारावरून निघाली, पोट गवताला टेकवून, गुरगुरत, कुत्र्याने जे करायचे तेच करीत. आप्पा तिच्यामागे धावले. बाहत्तर वर्षांचा माणूस, बांधलेला हात छातीशी धरून, धोतर काट्यांत फाडत.

"आप्पा, थांबू नका!" रेवती दुसऱ्या बाजूने धावत सुटली. "पळा! जवळ राहा!"

वरून तिचाच आवाज म्हणाला, "कृपया प्राण्यापासून दूर व्हा."

हातातल्या टॅबवर काजळी आणि आप्पांमधले अंतर मीटरांत दिसत होते. अकरा. चौदा. ती ओढ्याच्या वळणाने आडवी जाऊ पाहत होती, पण दरडीची माती पायाखालून सुटली आणि ती गुडघ्यांवर आदळली. सोळा. आप्पा ओरडत नव्हते आता, सगळा श्वास पायांना देत होते. "काजळे, मागं फिर!" ती खालून किंचाळली. कुत्रीने फाटका कान वळवला. वेग क्षणभर तुटला. सतरा. मग पुढे कोकरू बेंबटले, आणि तिने पुन्हा झेप घेतली.

एकोणीस.

"कृपया प्राण्यापासून दूर व्हा."

आप्पांचा पाय घुशीच्या बिळात गेला.

एकवीस.

चाबूक वाजला. काजळी धावतानाच उलटली, दोन कोलांट्या खात गवतात घसरली आणि थांबली. पाहुणी टेकाडाच्या माथ्यावर पोहोचली होती. तिने कोकरू खाली ठेवले, मागे वळून पाहिले, परत उचलले आणि पलीकडे उतरली. तिकडे बिळात तिची पिल्लं होती.

रेवती पोहोचली तेव्हा आप्पा सरपटत तिथवर आले होते. गोळी छातीवरच्या पांढऱ्या टिळ्यातूनच गेली होती, त्यामुळे टिळा आता नव्हता. काजळीचे पाय अजून हवेत धावत होते. आप्पांनी शाबूत हात तिच्या कपाळावर ठेवला. पाय हळू झाले, मग थांबले.

त्यांनी खांद्यावर घोंगडी चाचपली. ती मागे राहिली होती. रेवतीने आपली ओढणी काढून दिली. त्यांनी ती कुत्रीवर पांघरली आणि कडा नीट खोचल्या.

टॅब एकदा किणकिणला. तासाची यादी आली होती.

"मोजलं का?" आप्पांनी विचारले.

"हो."

"कुनात धरलं हिला?"

तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चंडोल, धाविक, खोकड, घोरपड. लांडगा, तीन. पाळीव कुत्रा, शून्य. संकर हा शब्द शेवटी होता तो आता गेला होता. ज्याच्यापुढे काही उरत नाही ती ओळ यंत्र काढून टाकते, असे तिनेच ठरवले होते. विविधतांक किंचित चढला होता.

"कुणातच नाही, आप्पा."

ते त्या ओढणीकडे पाहत राहिले. तिच्या मध्यावर एक लाल ठिपका वाढत होता.

"मग मेलं कोन?" ते म्हणाले.